साथ संपेपर्यंत ताबा

७ एप्रिल

छोट्या,

तुझ्या फोनवर माझा नंबर अडवलेला आहे, म्हणून हे पत्र. उद्योग खात्याच्या बॅगेतून, तू अडकलायस त्या देशातल्या आपल्या वकिलातीत जाईल आणि तिथून तुझ्या हॉटेलवर. सोबतची नोटीस आधी वाच. नाही वाचलीस तरी ती बजावली गेली असंच धरतात, तसं वटहुकुमातच लिहिलंय.

थोडक्यात सांगते. साथ संपेपर्यंत तुझा कारखाना सरकारनं ताब्यात घेतला आहे. युद्धाच्या वेळी घेतात तसा. मशीन, कच्चा माल, वीज, पाणी, सगळं. हॉटेलांसाठी कॉफीची चकचकीत यंत्रं बनवणं आजपासून बंद. आता तिथं ऑक्सिजनच्या सिलिंडरवर बसवायचे रेग्युलेटर बनतील. नोटिशीखाली ‘नियंत्रक’ या शब्दावर जी सही आहे ती माझी. ओळखली असशील. बाबा गावाला गेले की तुझ्या प्रगतिपुस्तकावर मीच सही करायचे.

तू वकिलाला विचारणार की बहिणीला भावाचा कारखाना ताब्यात घेता येतो का. आयुक्तांनीही विचारलं. म्हणाले, मालकाचं आडनाव तुमच्या माहेरचं दिसतंय, तुमचा त्यांच्याशी काही संबंध? मी म्हटलं, सहा वर्षांपासून काहीही संबंध नाही. ते हसले आणि त्यांनी फाईल पुढे सरकवली. यात मी खोटं काय बोलले ते तूच सांग.

आणि लपवायचं कशाला? माझ्यापुढे दोन नावं होती. कुलपांचा कारखानाही चालला असता. तुझ्याकडची लेथ मशीन जास्त चांगली आहेत हे खरं. पण ती तुझी नसती तरी मी तोच निर्णय घेतला असता का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारत बसले नाही.

सकाळी पोलिसांची गाडी घेऊन गेटवर आले. वॉचमन तोच आहे. मला कामावरून काढलंस त्या दिवशी तुझ्या हुकमावरून ज्यानं मला गेटवर अडवलं होतं आणि माझा डबा आतून आणून हातात दिला होता, तोच. आज त्यानं दोन्ही फाटकं सताड उघडली, एकच पुरलं असतं. मान खाली घालून म्हणाला, “या ताई.” मी म्हटलं, त्या दिवशी तुमचा दोष नव्हता. तो कुणाचा होता हे त्यालाही माहीत आहे.

तुझी शोरूम रिकामी केली. सोफे गोदामात टाकलेत, उभे करून, जागा कमी लागते. तिथं पॅकिंग होईल. तुझ्या केबिनमध्ये माणसं कपडे बदलतात आणि हात धुतात. तुझ्या त्या फिरत्या खुर्चीवर बूट ठेवतात. मी तसं सांगितलं नव्हतं. पण थांबवलंही नाही.

तुझी ताई
(नियंत्रक)


१६ एप्रिल

छोट्या,

तुझा मॅनेजर तुला रोजची खबर देतो हे मला ठाऊक आहे. त्यामुळे मी तुझ्या भाऊजींना कारखान्यात आणलं हेही तुला कळलं असेल. तरी माझ्याकडून ऐक.

रेग्युलेटर म्हणजे खेळणं नव्हे. सिलिंडरमधला दाब भयंकर असतो, तो माणसाच्या नाकाला सोसेल इतका खाली आणायचा. एकेक नग टेस्टिंगच्या टेबलावर दाबाखाली धरून तपासावा लागतो. ते काम करणारा माणूस मला हवा होता. बाबांच्या वेळी ते टेबल कुणाकडे होतं? माझ्या नवऱ्याकडे. तेव्हा तो माझा नवरा नव्हता, नुसता फोरमन होता, आणि तुलाही त्याच्या खांद्यावर बसून मशीन बघायला आवडायचं.

हे यायला तयार नव्हते. घराच्या ओट्यावर कुणाचातरी पाण्याचा पंप उघडून बसले होते. सहा वर्षं तेच करतायत, पंप आणि शेगड्या. दुसऱ्या कुठल्याही कारखान्यानं यांना दारात उभं केलं नाही, कारण तू सगळीकडे कळवलं होतंस, प्यायलेला माणूस आहे, पिऊन टेबलाशी उभा राहिला आणि डोळा घालवून बसला.

मला म्हणाले, “तुला त्याच्यावर सूड घ्यायचाय. घे. मला त्यात धरू नकोस.”

मी वाद घातला नाही. यांना घेऊन जिल्हा रुग्णालयात गेले. तिथल्या व्हरांड्यात सिलिंडर ओळीनं उभे आहेत, भरलेले. वर बसवायला रेग्युलेटर नाहीत. एक नर्स एक रेग्युलेटर या खाटेवरून काढून त्या खाटेवर लावत होती, थोडा वेळ याला, थोडा वेळ त्याला. हे बघत राहिले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले की माझा जुना चष्मा लागेल, जाड भिंगाचा.

पहिल्या दिवशी यांनी टेबलाला हातही लावला नाही. आधी जाळी बनवून घेतली. जाड पोलादाची, टेबलाच्या पुढ्यात बसणारी. नग फुटला तर तुकडे जाळीत अडकावेत म्हणून. बाबांच्या काळी होती तशीच.

ती जाळी कुठे गेली हे तुला आठवतंय ना? तिच्यामुळे वेळ जातो, दर वेळी उघडा, लावा, उघडा, लावा, असं म्हणून तू ती काढायला लावलीस. यांनी दोनदा सांगितलं, काढू नका. तू म्हणालास, बाबांचा जमाना गेला. त्यानंतर आठवडाही झाला नसेल. एक पितळी नग फुटला आणि यांचा डावा डोळा गेला. सरकारी तपासणीस यायच्या आत तू जाळी परत लावलीस आणि यांच्या कपाटात बाटली ठेवलीस. मी ओरडले, तर दुसऱ्या दिवशी मला गेटच्या बाहेर काढलंस. आईला सांगितलंस की ताई नवऱ्याचं व्यसन झाकायला तुझ्या मुलाला तुरुंगात घालायला निघालीय.

आईनं तुझं ऐकलं. मला म्हणाली, “दारुड्यासाठी पाठच्या भावावर उठलीस?” तेव्हापासून यांना तिच्या दाराची पायरी बंद आहे.

ती अजूनही कारखान्यामागच्या तुझ्या घरातच आहे, तू आणि तुझी बायको तिकडे अडकल्यापासून एकटीच, खिडकीत बसून असते. आम्ही जाताना-येताना दिसतो तिला. पडदा ओढत नाही, पण हातही करत नाही.

काम सुरू झालंय. पहिले नग परवा तपासून होतील. त्यांच्यावरून तुझ्या बोधचिन्हाचा ठसा मी काढून टाकला.

ताई


२५ एप्रिल

छोट्या,

आज सकाळी तुझी सगळी लेथ मशीन एकदम बंद पडली. पडद्यावर फक्त पासवर्ड मागतायत. मॅनेजर म्हणतो, साहेबांनी तिकडून कुलूप घातलंय, माझ्या हातात काही नाही. त्याची नजर सांगत होती की तो खरं बोलतोय आणि त्याला लाज वाटतेय.

मशीन बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. त्यांची कचेरी साथीमुळे बंद आहे. तंत्रज्ञ तुझ्यासारखाच कुठल्यातरी देशात अडकलाय. हाताच्या लेथवर काम करायला जुने टर्नर बसवलेत. दिवसभरात होतात किती, तर रुग्णालयाच्या एका खोलीपुरतेही नाहीत.

मी तुझ्यावर गुन्हा दाखल करू शकते. वटहुकूम तेवढा कडक आहे. पण तू तिकडे आहेस, विमानं बंद आहेत, आणि गुन्ह्याच्या कागदानं मशीन चालत नाही. हे तुला माझ्याइतकंच कळतं, म्हणून तर तू हे केलंस.

वॉचमनची बायको त्या रुग्णालयात आहे. तू तिला ओळखतोस. तुझ्या लग्नात तिनं तुझ्या बायकोच्या केसांत गजरा माळला होता. तिच्या वाट्याला तोच एक रेग्युलेटर आहे, थोडा वेळ तिला, थोडा वेळ शेजारच्या खाटेला.

हे पत्र तुला मिळायला वेळ लागेल. तरी लिहिते, कारण मी मागितलं नाही असं उद्या तुला म्हणता येऊ नये. पासवर्ड दे. माझ्याशी बोलायचं नसेल तर मॅनेजरला दे. आईला दे. माझ्याशी भांडण आहे ना, ते माझ्याशी कर. मी कुठेही जात नाही.

ताई


३ मे

छोट्या,

परवाच्या आपल्या फोनबद्दल तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतंय. तुला जे माहीत नाही ते आता सांगते.

तू आईकडे निरोप दिलास की ताईला बोलायचं असेल तर तुझ्या फोनवरून बोलू दे. मी काही आईच्या घरात पाऊल टाकणार नव्हते. साथ होती आणि त्याआधीपासून दुसरीही कारणं होती. म्हणून आईच फोन घेऊन खाली कारखान्यात आली. तोंडाला मास्क, हातात काठी. सहा वर्षांत पहिल्यांदा ती त्या शेडमध्ये येत होती. माणसं बाजूला झाली. मी टेस्टिंगच्या टेबलाजवळ उभी होते आणि हे जाळीमागे बसले होते. आईनं यांच्याकडे बघितलं नाही.

तिनं तुला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. तू आधी तिला म्हणालास, “आई, तू आत जा आता. आम्हा दोघांचं आहे.” आम्ही घराच्या दारात आहोत असं तुला वाटलं असणार. तिनं बरं म्हटलं. पण गेली नाही. का नाही गेली ते मला अजून कळलेलं नाही. एका पिंपाला टेकून उभी राहिली.

आईला हल्ली कमी ऐकू येतं. तिचा फोन कायम स्पीकरवर असतो, आवाज पूर्ण वाढवून. इतकी वर्षं तिच्याजवळ राहतोयस, हे तुला ठाऊक असायला हवं होतं. मी सांगितलं नाही, बस्स. आणि एरवी त्या शेडमध्ये शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पण मशीन तूच बंद पाडली होतीस. हाताच्या लेथवरचे टर्नरही आईला बघून थांबले होते, सगळी पाळी रिकाम्या हातानं उभी होती. तुझा शब्दन् शब्द अगदी दारापर्यंत स्वच्छ ऐकू गेला.

तू म्हणालास की ताई, तू ते जुनं प्रकरण उकरून काढायलाच कारखान्यात घुसलीयेस. मग म्हणालास, भाऊजी अपघाताच्या दिवशी प्यायलेले होते असं तुझ्या सहीनं लिहून दे, फोटो पाठव, लगेच पासवर्ड देतो.

मी म्हटलं, “छोट्या, ते प्यायले नव्हते.” हे मी मुद्दाम म्हटलं, अगदी हळू, विनवल्यासारखं. तू माझ्या विनवण्यांवर नेहमी चिडतोस.

“मला काय सांगतेस?” तू म्हणालास. “जाळी मीच काढायला लावली होती. बाटली मीच ठेवली होती. प्रश्न तो नाहीये. कागदावर काय आहे ते महत्त्वाचं, ताई.”

एका टर्नरनं हातातला पाना आवाज होऊ न देता खाली ठेवला. मी आईकडे बघितलं नाही. मला बघायचं होतं, फार बघायचं होतं, सहा वर्षं मी त्याच क्षणाची वाट बघत होते. पण धीर झाला नाही.

मग मी सही करणार नाही असं म्हणणार होते. तोंडाशी आलं होतं. तू पुरता अडकला होतास, आता फक्त फोन ठेवायचा होता. तेवढ्यात हे जाळीमागून उठून आले. माझ्यासमोर कोरा कागद ठेवला, स्वतःच्या खिशातलं पेन ठेवलं. म्हणाले, “लिही. माझ्या नावाचं मी बघतो. तिकडे माणसं खोळंबलीत.”

हे त्यांनी इतक्या हलक्या आवाजात सांगितलं की तुला ऐकू गेलं नसेल. मी लिहिलं. ‘अपघाताच्या दिवशी माझे यजमान मद्यधुंद होते.’ खाली सही. मॅनेजरनं फोटो काढून पाठवला. तू बघितलास आणि “थँक्यू ताई” म्हणालास. मग पासवर्ड सांगितलास. आईच्या फोनवर, मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर.

मशीन सुरू झाली. त्या आवाजात कुणाला काही बोलावं लागलं नाही, ते बरं झालं.

वॉचमन दारात उभा होता. त्याची बायको आदल्या दिवशी गेली होती. अंत्यविधी उरकून तो थेट कामावर आला होता, कारण घरी बसवत नाही म्हणाला. त्यानंही सगळं ऐकलं.

तो कागद जपून ठेव. काचेत लाव हवं तर. तो खोटा आहे हे आता सगळ्या पाळीला माहीत आहे, आणि कसा लिहून घेतला तेही. आयुक्त म्हणाले, एवढे साक्षीदार आहेत, खटला भरा. मी नको म्हटलं. खटला भरला असता तर तू वकील उभा केला असतास. लोकांच्या मनातून उतरलास, तिथं कुठला वकील उभा करणार आहेस?

ताई


२२ मे

छोट्या,

तू आईला रोज फोन करतोयस आणि ती उचलत नाही, असं मॅनेजरकडून कळलं. त्याला आता विचारू नकोस. त्यालाही तुझे फोन घ्यायचे नाहीत, पण तो मुळात भिडस्त आहे.

त्या दिवशी आई घरी परत गेली. दोन दिवस खिडकीतही दिसली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत खाली आली. हे बाहेर बाकावर डबा खात बसले होते. मी आतून बघत होते. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, अंतर राखून. माफी मागेल असं मला वाटलं. मागावी अशी माझी फार इच्छा होती, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

ती म्हणाली, “डोळा दुखतो का रे अजून?”

हे म्हणाले, “थंडीत दुखतो.”

“औषध काय घालतोस?”

यांनी सांगितलं. तिनं मान डोलावली आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या घेऊन गेटवर उभी होती. मला म्हणाली, तुझ्याकडे पुढची खोली रिकामी आहे ना. मी पिशव्या उचलल्या.

ती आता माझ्याकडे आहे. तुझ्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. मी मधूनमधून विषय काढते. काढायला नको हे कळतं, तरी काढते. ती उठून आत जाते.

तुझ्या घराच्या खिडक्या लावून घेतल्यात. झाडांना पाणी वॉचमन घालतो. का घालतो कोण जाणे.

ताई


१४ सप्टेंबर

छोट्या,

विमानं सुरू झाली, तू येतोयस असं कळलं. साथ ओसरली, वटहुकूम मागे घेतला. तुझा कारखाना तुला परत. ताबा सोडल्याचा कागद सोबत आहे, सही माझीच.

मशीन पुसून, तेल घालून ठेवलीत. एकही स्क्रू इकडचा तिकडे नाही. सोफे पुन्हा शोरूममध्ये मांडलेत. तुझी खुर्ची धुतली. तक्रारीला जागा ठेवलेली नाही, शोधून बघ.

फक्त माणसं नाहीत.

सरकारनं ठरवलंय की रेग्युलेटर यापुढे इथंच बनवायचे, पुन्हा कधी हात पसरायची वेळ येऊ नये. नदीपलीकडची बंद पडलेली जुनी शेड घेतलीय. ती चालवायला मला नेमलंय. कामगार हवेत अशी नोटीस काढली. मी कुणाला बोलावलं नाही, कुणाचं मन वळवलं नाही. नोटीस मात्र तुझ्या गेटसमोरच्या खांबावर लावली, आत-बाहेर करताना दिसेल अशी. टर्नर आले, फिटर आले, पॅकिंगच्या बायका आल्या. शेवटी मॅनेजर आला, अर्ज घडी करून खिशात लपवत. वॉचमन सगळ्यात आधी आला होता. त्यामुळे किल्ल्या गेटवर ठेवता आल्या नाहीत, गेटवर कुणीच नाही. पोलीस चौकीतून घे.

तू नवीन माणसं ठेवशील. ठेव. ती इथल्याच गल्ल्यांमधून येतील आणि त्यांना सगळं आधीच कळलेलं असेल. तू काही सांगितलंस की ती हो म्हणतील आणि एकमेकांकडे बघतील. ते बघणं तुला रोज दिसेल. हे मी ठरवून केलं, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते. मला वाईट वाटत नाही. वाटेल असं लोक म्हणतात. वाटलं तर तुला कळवणार नाही.

इथं पत्र संपवणार होते. पण एक गोष्ट माझ्या मनाविरुद्ध घडतेय आणि ती सांगितल्याशिवाय भागणार नाही.

काल जेवताना हे म्हणाले की काम नदीपलीकडे हलवल्यापासून कारखाना बंद आहे, आणि इतके दिवस बंद राहिला की कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीत पाणी साचून गंज धरतो. ते पाणी काढून टाकी तपासल्याशिवाय कुणी बटण दाबलं तर ती फुटायची. छोट्याला ते माहीत नाही, तो आल्या आल्या बटण दाबणार. सोमवारी मी जाऊन सुरू करून देतो.

मी ताट सारलं. म्हटलं, फुटू दे. यांनी माझ्याकडे बघितलं, त्या एका डोळ्यानं. म्हणाले, “समोर कुणीतरी उभं असेल.”

मी खूप बोलले. तुझं सगळं काढलं, पहिल्यापासून. सूड माझ्या एकटीचा नाही, तुमचाही आहे, असंही म्हटलं. हे म्हणाले, माझा कधीच नव्हता, तू माझ्या नावावर लावलास. आई ऐकत होती. ती यांना म्हणाली, जाताना जाड बूट घाल. म्हणजे तीही यांच्याच बाजूची.

तर सोमवारी सकाळी हे येतील. मी पाठवलं असं समजू नकोस, मी अडवून पाहिलं. समेट समजू नकोस. पैसे पुढे करू नकोस. झालं गेलं विसरा असलं काही बोलू नकोस, विसरायचं की नाही ते तू सांगायचं नाहीस.

तुझ्या केबिनच्या काचेतून ते येताना तुला दिसतील. डावीकडून येणारं त्यांना दिसत नाही, म्हणून सावकाश चालतात. तू त्या खुर्चीत बसलेला असशील.

ते आत आले की उठून उभा राहा.

ताई